अनुदान आहे, माणूस नाही

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले की सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. किल्ल्याचे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचे हे गाव. भांडे ठोकण्याचे काम बहुतांशी बैठे. पाय निकामी झालेला कारागीरही ते करू शकेल. मात्र सकाळी त्याला अंथरुणातून उचलून, शौचास नेऊन, आंघोळ घालून कामाच्या जागी बसविणारे कोणीतरी हवे. हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा घरातली बाई. त्यापायी तिची शेतातली मजुरी बुडते, आणि त्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर होत नाही. ती अंथरुणाला खिळली की दोघांचीही चूल विझते.

शासन काय देते? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. तिच्यात दिव्यांगांना दरमहा दीड हजार रुपये मिळत. ते २०२५ मध्ये अडीच हजार झाले, तेही आंदोलने झाल्यावर. केंद्राचे निवृत्तिवेतन ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीलाच; ८० वर्षांखालील माणसासाठी ते २०१२ पासून ३०० रुपयांवरच अडले आहे. (‘अपंगा’चा ‘दिव्यांग’ करण्यास तिजोरीतला पैसा लागला नाही, ते काम झटपट उरकले.) अडीच हजारांत पोटाची सोय कशीबशी होईल, मदतनिसाची होणार नाही.

वास्तविक २०१६ च्या कायद्याने याहून मोठे वचन दिले आहे. कलम ५ म्हणते की अपंग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर नाही, आणि घरी राहण्यास लागणाऱ्या सेवा, व्यक्तिगत मदतनिसासह, तिला मिळाल्या पाहिजेत. कलम ३८ खाली जास्त आधाराची गरज असणाऱ्याला अर्ज करता येतो. कलम २४ मध्ये त्याच्या काळजीवाहकासाठी भत्ताही आहे. पण त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवली आहे आणि राज्यकर्ते तिच्यातून सुखेनैव ये-जा करतात. केरळने काळजीवाहकांना दरमहा ६०० रुपयांचा भत्ता लावला. रक्कम क्षुल्लक खरी, परंतु काळजी घेणे हे श्रम आहे एवढे तरी त्या राज्याने कबूल केले. स्वीडनमध्ये तर १९९४ पासून व्यक्तिगत मदतनीस हा कायदेशीर हक्क आहे.

पैसा आला की माया आटते, असा आक्षेप काही सज्जन घेतात. तो घेणाऱ्यांपैकी किती जणांनी पहाटे उठून प्रौढ माणसाला उचलले आहे?

आरंभ गावातूनच करता येईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावेत असा राज्याचा आदेश आहे. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम मार्चअखेर घाईघाईने वाटून टाकली जाते. सोनगीर आणि शेजारच्या चार-सहा गावांनी ती एकत्र केली, जिल्हा परिषदेने तीत भर घातली, तर किमान वेतनावर दोन-तीन मदतनीस नेमता येतील. त्यांनी केव्हा यावे आणि काय करावे हे मात्र सरपंचाने नव्हे, ज्याला उठायचे आहे त्याने ठरवावे. ५ टक्क्यांची गेल्या वर्षीची रक्कम किती होती व ती कशावर गेली, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत लेखी विचारावा, आणि कलम ३८ चे अर्ज भरून देण्यास त्याच दिवशी बसावे.