खेळातील मृषावाद

राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या जालन्याच्या घरांना नव्या नाहीत. त्याच जातीचा ‘माफिया’ हा खेळ १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील दिमित्री डेव्हिडॉफ यांनी रचला. आज जालना, पुणे, परदेश असे विखुरलेले कुटुंब तो व्हिडिओ कॉलवर खेळते. गुप्त माफिया रात्री एकेकाला ‘मारतात’. दिवसा सर्वजण चर्चा करून संशयिताला मताने बाहेर काढतात.

माफियाला खोटे बोलावेच लागते. मग सत्याणुव्रत घेतलेल्या श्रावकाने काय करावे? तत्त्वार्थसूत्र असत्याचे मूळ प्रमत्तयोगात पाहते. सर्वांना आधीच मान्य असलेल्या भूमिकेत फसवणूक कोणाची, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. तरी यशोधर राजाला पिठाच्या कोंबड्याच्या बळीचेही फळ भोगावे लागले. तेव्हा ‘मारला’ऐवजी ‘बाद’ म्हणणे बरे, आणि व्रतस्थाने सूत्रधार व्हावे. त्याला सारे ठाऊक असते, पण खोटे काही बोलावे लागत नाही.

याहून नाजूक बाब निराळी आहे. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत साकारमंत्रभेद येतो: हावभावांवरून दुसऱ्याचे गुपित ताडून ते उघड करणे. (खेळातील सारे कौशल्य नेमके हेच!) खेळातील भूमिका अवश्य ओळखावी; परंतु ‘माहेरचा विषय निघाला की सूनबाई अशाच गप्प होतात’ हा पुरावा चर्चेत चालू नये. तो मांडणाऱ्याचे त्या फेरीतील मत धरले जाणार नाही, हे भूमिका वाटण्यापूर्वीच सूत्रधाराने सर्वांना सांगून ठेवावे.