कोणाच्या आठवणी ग्राह्य धरायच्या?

आयरिश रॉक संगीताच्या आठवणी म्हणजे यशाची गाथा, असा समज आता रूढ झाला आहे. १९७६ साली डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेत लॅरी मलन या विद्यार्थ्याने फलकावर चिठ्ठी लावली आणि त्यातून 'यू-टू' हा वाद्यवृंद जन्माला आला, इथून ती सुरू होते. बोनोचे 'सरेंडर' (२०२२) चाळीस गाण्यांच्या आधाराने तीच कथा सांगते. चौदाव्या वर्षी आई गमावलेल्या मुलाचे दुःख त्यात खरे आहे, हे मान्यच. परंतु अशा एका पुस्तकावरून त्या काळाचा इतिहास ठरवू पाहणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

मराठी समीक्षेने आत्मचरित्र आणि आत्मकथन असा भेद केला, तो उगीच नव्हे. शिखरावरून मागे वळून पाहणे वेगळे आणि जखम भरलेली नसताना बोलणे वेगळे. शिनेड ओकॉनरचे 'रिमेम्बरिंग्ज' (२०२१) हे या दुसऱ्या अर्थाने आत्मकथन आहे. किशोरवयात तिला डब्लिनमध्ये जोगिणींच्या एका सुधारगृहात ठेवले होते. तिथल्याच एका जोगिणीने तिला गिटार घेऊन दिली. ते सुधारगृह मॅग्डलेन धुलाईघराच्या आवारात होते. जमीन विकली गेल्यावर १९९३ मध्ये त्या आवारातील दफनभूमीतून १५५ स्त्रियांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. करुणा आणि क्रौर्य एकाच छपराखाली नांदत होते, हे या पुस्तकातून जसे कळते तसे कोणत्याही विक्रीच्या आकड्यांतून कळणार नाही.

३ ऑक्टोबर १९९२ रोजी तिने अमेरिकी दूरचित्रवाणीवर पोपचे छायाचित्र फाडले. ते तिच्या आईच्या खोलीतले होते; याच आईने तिला लहानपणी मारझोड केली होती. तेरा दिवसांनी, बॉब डिलनच्या गौरव-मैफलीत, श्रोत्यांनी तिची हुर्यो उडवली. चर्चच्या संस्थांतील बालकांच्या छळावरचा रायन आयोगाचा अहवाल २००९ साली आला. म्हणजे साक्ष आधी झाली होती, न्यायालय मात्र सतरा वर्षांनी भरले!

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला असा की, तिची स्मृती भरवशाची नाही. पण आपल्याला बरेच आठवत नाही, हे ती स्वतःच सांगते. विस्मरणाची कबुली देणारा निवेदक अविश्वसनीय आणि सगळे सुसंगत आठवणारा विश्वसनीय, हा कुठला न्याय? दुसरा आक्षेप असा की, गायिकेच्या गप्पांना साहित्य कसे म्हणावे? 'बलुतं' (१९७८) आले तेव्हा दलित आत्मकथनांनाही कलात्मकतेची अशीच फूटपट्टी लावली गेली होती. येट्स, जॉइस यांच्यापाशी आयरिश साहित्य संपवणाऱ्या आपल्या विभागांनी याचा विचार करावा.

छायाचित्र फाडल्याने तिची कारकीर्द बुडाली, असे जग म्हणते. ती नेमके उलट म्हणते : रुळावरून घसरवले ते अव्वल क्रमांकाच्या गाण्याने, छायाचित्राने पुन्हा रुळावर आणले. २६ जुलै २०२३ रोजी ती गेली आणि श्रद्धांजलींचा पूर आला. त्या पुरात हे म्हणणे वाहून जाऊ नये. आत्मचरित्र शिकवताना एकाच शहरात वाढलेल्या या दोघांची पुस्तके शेजारी ठेवावीत आणि एकात जे आहे ते दुसऱ्यात का नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.