जग्वार आणि आपली कॉलर

मंडळी, परवा भाच्याने घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच निरोप टाकला. इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं, आपण त्यांची जग्वार विकत घेतली, सूड पूर्ण! अंगठ्यांचा पाऊस पडला. मी इतिहास शिकवलेला माणूस, गप्प कसा बसू?

पहिलं म्हणजे, 2008 साली टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या त्या अमेरिकेच्या फोर्डकडून, सुमारे 230 कोटी डॉलर मोजून. फोर्डने जग्वार 1989 सालीच घेतली होती. मग सूड कोणावर उगवला?

दुसरं, जग्वारचा मान खरेदीत नाही, घडणीत आहे. 1922 साली ब्लॅकपूलमध्ये विल्यम लायन्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने भागीदाराबरोबर मोटारसायकलचे साइडकार बनवायला घेतले. तिथून तो 1961 च्या ई-टाइपपर्यंत पोचला. तिचा आकार विमानांच्या कामातून आलेल्या माल्कम सेयरचा, आणि किंमत फेरारीहून कितीतरी कमी. जग भाळलं ते यावर.

कॉलर ताठ करायचीच तर पुण्यात बनलेल्या 1998 च्या इंडिकासाठी करा. नाहीतर आपल्याच तालुक्यातलं लोणी बघा. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून साखर कारखाना उभा केला, तो काही कोणाचा सूड म्हणून नव्हे.

बाळा, तू इंजिनिअर आहेस. दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासतोस. स्वतःचं एक तरी काढ. ते मी ग्रुपवर टाकीन. मामा आहे म्हणून बोललो, रागावू नकोस.

असो.