हवामानाचा अंदाज कुणासाठी?

चेन्नईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे मे महिन्यातले कोणतेही पत्रक घ्या. पुढील सात दिवसांचा अंदाज साधारण एकाच साच्यातला असतो. आकाश अंशतः ढगाळ, कमाल तापमान ३९ ते ४० अंश, किमान २८ ते २९ अंश, दमटपणामुळे अस्वस्थता जाणवेल. त्याच्या जोडीला सरकारी सल्ला येतो : भर दुपारी उन्हात जाऊ नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. सल्ला योग्यच आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की तो कुणाला दिला जातो? ज्याची दुपार त्याच्या स्वतःच्या हातात आहे, त्याला. शहराच्या दक्षिणेला तांबरम येथे शिलाई यंत्रावर बसणाऱ्या, सुटे भाग जुळवणाऱ्या, ग्रँड सदर्न ट्रंक रस्त्याच्या कडेला खोदकाम करणाऱ्या आणि लोहमार्गावर खडी टाकणाऱ्या कामगारांची दुपार मालकाने नि ठेकेदाराने आधीच विकत घेतलेली असते. त्यांनी घराबाहेर पडू नये म्हणजे काय करावे? मजुरी सोडावी?

मराठी वाचक विचारतील, तांबरमच्या उन्हाशी आपला काय संबंध? संबंध सरळ आहे. उष्णतेची लाट ठरवण्याचा किनारपट्टीचा जो निकष तांबरमला लागतो, तोच मुंबईला, ठाण्याला, रायगडला आणि रत्नागिरीलाही लागतो. तांबरममध्ये त्या निकषाचे अपुरेपण अधिक उघडे पडते, इतकेच.

लाट कुणाची, व्याख्या कुणाची?

भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीच्या ठिकाणी कमाल तापमान किमान ३७ अंश असले पाहिजे आणि ते त्या काळच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक असले पाहिजे, तरच उष्णतेची लाट मानली जाते. आता तांबरमशेजारच्या मीनंबाक्कम वेधशाळेचे पाहा. मे महिन्यात तेथील सरासरी कमाल तापमानच ३८ अंशांच्या आसपास असते. म्हणजे पारा ४२ च्या पुढे गेल्याशिवाय लाट नाही! तमिळ पंचांगातले अग्नी नक्षत्र ४ मेच्या सुमारास लागते आणि २८ मेच्या सुमारास संपते. या साऱ्या काळात ४० अंशांचा दिवस कागदावर ‘नेहमीचा’ ठरतो. कामगाराचे शरीर मात्र सरासरीशी तुलना करून तापत नाही.

दुसरी गोष्ट घामाची. घाम हवेत उडून गेला तरच अंग थंड होते. समुद्रकाठी हवा ओलसर असल्याने घाम अंगावरच राहतो. कोरड्या विदर्भातले ४० अंश आणि चेन्नईचे दमट ४० अंश हे एक नव्हेत. दुपारी समुद्रावरून येणारा वारा थोडा दिलासा देतो. पण पश्चिमेचा जमिनीवरचा वारा जोरात असला की हा वारा उशिरा येतो, आणि किनाऱ्यापासून आत असलेल्या तांबरमला तो आणखी उशिरा पोचतो. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत नुंगंबाक्कम येथे ४५ अंशांची नोंद झाली होती. तेव्हा हे शहर किती तापू शकते, हे कुणाला ठाऊक नाही असे नाही.

तिसरी गोष्ट मोजमापाची. वेधशाळेतला तापमापक मोकळ्या जागेत, झापांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. तो हवा मोजतो आणि ते बरोबरच आहे. परंतु पत्र्याच्या छताखाली, वाफेच्या इस्त्रीजवळ किंवा तापलेल्या डांबराशेजारी किती उष्णता आहे, हे तो सांगत नाही. ते मोजणारी उपकरणे जगात आहेत. उष्णता, ओलावा, ऊन आणि वारा या चारींचा मिळून निर्देशांक काढता येतो. तो कामाच्या जागी काढला जात नाही, कारण काढला तर त्यावर काहीतरी करावे लागेल!

झळ कुणाला?

तांबरमचे निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९८४ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेथे कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. दिवसाचे उत्पादन ठरवून दिलेले असते तेथे पाणी प्यायला उठणे म्हणजे काम मागे पडणे, आणि स्वच्छतागृहाला जायला परवानगी मागावी लागत असेल तर बाई पाणीच कमी पिते, हे शिलाई उद्योगात काम करणारी कोणतीही भगिनी सांगेल. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला तिच्यासाठी थट्टा ठरतो. चेन्नईच्याच श्री रामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी तामिळनाडूतल्या ८०० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. कामावर तीव्र उष्णता सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचा धोका सुमारे दुप्पट आढळला. ही किंमत कोणत्या निर्यात ऑर्डरच्या हिशेबात धरली जाते?

तामिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्य आपत्ती घोषित केले आणि मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये देण्याचे ठरवले. याचे स्वागत आहे. पण मेल्यावर चार लाख आणि जिवंतपणी दुपारचा एक तास नाही, हा कुठला न्याय? आणि महाराष्ट्राने तामिळनाडूकडे बोट दाखवू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे सरकारी समारंभासाठी लोकांना भर उन्हात बसवले गेले आणि १४ जणांचा बळी गेला, हे आम्ही विसरलेलो नाही.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १३ मध्ये पुरेशी हवा आणि सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर होती. २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी पुरवण्याचे बंधन कलम १८ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांत ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या जागी १० वरून २० आणि विजेविना चालणाऱ्या जागी २० वरून ४० कामगारांवर नेली गेली. ऊन वाढत असताना छत्री आखूड करण्याचाच हा प्रकार आहे.

मालकवर्ग म्हणतो, हवामान काय आमच्या हातात आहे? हवामान नसेल, कामाची वेळ आहे. पंखे, छत, पाणी, विश्रांती ही सारी तुमच्याच हातात आहेत. उत्पादन घटेल, परदेशी गिऱ्हाईक जाईल, असाही बागुलबुवा दाखवला जातो. मग कतारकडे पाहा. ती राजवट कामगारांची कैवारी म्हणून प्रसिद्ध नाही. तरीही तेथे २०२१ च्या आदेशाने १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरच्या कामाला बंदी आली आणि वर सांगितलेला निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला की काम थांबवणे बंधनकारक झाले. एवढे लांबही जायला नको. केरळचे श्रम खाते उन्हाळ्यात आदेश काढून उन्हात राबणाऱ्यांना दुपारी १२ ते ३ विश्रांती देत आले आहे. म्हणून केरळातली बांधकामे बंद पडली नाहीत.

दुपारच्या विश्रांतीची मागणी आपल्या चळवळीइतकीच जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीचीही मागणी होती. १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली, तीही दुपारच्या अपुऱ्या सुट्टीची तक्रार घेऊनच. ते अर्धे तास कुणी दान दिलेले नव्हते.

आमच्या मागण्या अशा :

१. नारिंगी व तांबड्या इशाऱ्याच्या दिवशी दुपारी १२ ते ३ उघड्यावरचे काम भरपगारी बंद ठेवावे. कंत्राटी व रोजंदारी कामगारांनाही हे लागू व्हावे.

२. केवळ कमाल तापमानावर न थांबता ओलावा धरून निर्देशांक कामाच्या जागी मोजावा आणि तो फलकावर लिहावा.

३. किनारपट्टीसाठी लाटेचा निकष कामगारांच्या प्रकृतीच्या दृष्टीने नव्याने ठरवावा.

४. थंड पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि दर तासाला थोडी उसंत हा हक्क मानावा. त्यासाठी उत्पादनाचे उद्दिष्ट त्या दिवशी कमी करावे.

५. उष्माघाताला कामावरील अपघात मानून भरपाई मालकाकडून वसूल करावी.

या मागण्या अशक्य आहेत असे कुणी म्हणेल, तर त्यांनी तामिळनाडूचाच इतिहास पाहावा. २१ एप्रिल २०२३ रोजी तेथील विधानसभेने बारा तासांच्या कामाची वाट मोकळी करणारे विधेयक संमत केले. कामगार संघटना एकजुटीने उभ्या राहिल्या आणि १ मे रोजी त्या वेळचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांना ते मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. दहा दिवसांत! उलट महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांत बारा तासांपर्यंतच्या कामाला मंजुरी दिली. तापलेल्या छताखाली तीन तास अधिक म्हणजे काय, हे मंत्रालयाच्या थंडगार खोलीत कळणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने यंदा आठवड्याचा हवामान अंदाज सूचना फलकावर लावावा, त्याखाली आपल्या खात्यातले तापमान रोज लिहावे आणि ती नोंद सहीनिशी व्यवस्थापनासमोर ठेवावी. अंदाज वेधशाळा देईल. त्यावर अंमल करायला मालकाला भाग पाडणे हे संघटनेचे काम आहे.