आकडा एकच, रंग दोन!



गणपतीच्या कार्यक्रमासाठी मोठ्या वर्गातील मुलांनी केलेली तीन मिनिटांची चित्रफीत आपण सर्वांनी पाहिली. छान झाली. पण त्याआधी पंधरा दिवस वर्गात जी धुसफुस चालली होती, ती सर्वांना ठाऊक नसेल. त्याविषयी आम्ही चार शब्द लिहीत आहोत, कारण ज्या गोष्टीवरून भांडण झाले तिच्यात कोणाचीही लबाडी नव्हती.

चित्रे काढणाऱ्या ताईने फोटोशॉपमध्ये झेंडूचा केशरी रंग निवडला: लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. हे तीन आकडे तिने फोनवर कळवले. चित्रे आणि नावे एकत्र जोडणारा दादा न्यूक वापरतो. तिथे रंग ० ते २५५ असे न मोजता ० ते १ असे मोजतात. त्याने सरळ भागाकार केला: १, ०.६, ०.२. भागाकार बरोबर होता. पण पडद्यावर चित्रातला झेंडू केशरी, आणि शेजारची नावांची पट्टी दुधात केशर पडल्यासारखी फिकी!

"तू रंग बदललास", "तूच आकडे चुकीचे दिलेस" असे सुरू झाले. घरची मोठी माणसेही त्यात पडली. शेवटी दादाने नजरेच्या अंदाजाने पट्टी गडद केली. त्याच्या लॅपटॉपवर ती जुळली, पण तालमीच्या वेळी हॉलमधल्या प्रोजेक्टरवर पुन्हा वेगळी दिसली.

खरे कारण असे. फोटोशॉपमधले नेहमीचे आकडे एसआरजीबी या मापातले असतात. हे माप १९९६ साली मांडले गेले आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात आकडा आणि उजेड सरळ प्रमाणात नसतात. १२८ हा २५५ च्या जवळजवळ निम्मा आहे, पण त्याचा उजेड फक्त २२ टक्क्यांच्या आसपास भरतो. न्यूक मात्र आत हिशेब उजेडाचाच ठेवतो. समईच्या दोन वातींचा प्रकाश एकत्र करायचा, तर बेरीज प्रकाशाचीच व्हायला हवी ना? म्हणून चित्राची फाइल उघडताना तो ०.६ चे ०.३१९ आणि ०.२ चे ०.०३३ करून घेतो. दादाने हाताने भरलेले ०.६ मात्र त्याने उजेडाचे माप समजून तसेच ठेवले. फोटोशॉपच्या मापात ती पट्टी २५५, २०३, १२४ झाली!

इथे डॉक्टर ताप ३८ सांगतात. ते पुण्याला आजीला फोनवर सांगितले की आजी म्हणते, "अगं, ३८ कसा असेल?" कारण तिचा थर्मामीटर फॅरनहाइटचा, त्यावर तोच ताप १००.४. इथे खोटे कोणीच बोलत नाही. माप सांगायचे राहून जाते, एवढेच.

काही पालक म्हणतात, "डोळ्यांना बरे दिसले की पुरे." आम्हाला हे पटत नाही. प्रत्येक पडदा वेगळा, प्रत्येकाची नजर वेगळी. अंदाजाने केलेले काम दुसऱ्याच्या हाती टिकत नाही.

म्हणून पुढच्या कार्यक्रमापासून आमचे मत असे: रंग कळवताना आकड्याबरोबर माप लिहावे, "२५५ पैकी, एसआरजीबी" असे. त्या रंगाचा एक चौकोन पीएनजी फाइलमध्ये पाठवावा, आणि जोडणाऱ्याने आकडे हाताने न भरता त्या चौकोनातूनच रंग उचलावा. आफ्टर इफेक्ट्स वापरणाऱ्यांनी प्रोजेक्टची रंगपद्धत फोटोशॉपशी जुळते ना, हे आधी पाहावे. तिथे १६ बिट निवडले तर पांढरा २५५ नसून ३२७६८ असतो.

"मराठीच्या वर्गात हे कशाला?" असेही कोणी विचारले. त्या दोघांनी शेवटी फळ्यासमोर उभे राहून हा सगळा हिशेब मराठीतूनच एकमेकांना समजावला. याहून चांगला धडा आम्हाला तरी शिकवता आला नसता.

हे पान झेरॉक्सचे असल्याने झेंडूही काळाच दिसणार. रंग पाहायचा तर रविवारी वर्गात या, आणि आपले मत जरूर कळवा.