बिनटपाच्या गाडीला पासिंग मिळेल का?

परभणी-जिंतूर रस्त्यावर झरीच्या आसपास उघडी वाहनं मोजायला बसलं तर बोटं पुरणार नाहीत. ट्रॅक्टर, त्यामागची ट्रॉली, लग्नसराईत वरातीसाठी टप उतरवलेली जीप, टेम्पोच्या हौद्यात उभे राहून कामावर निघालेले मजूर. डोक्यावर छत नसणं हा इथे नाइलाज असतो. त्यामुळे जगात काही लोक छत नाही, दार नाही, एसी नाही अशी दोनच माणसांची गाडी मुद्दाम, वर चांगले पैसे मोजून घेतात असं सांगितलं, तर पारावरची मंडळी आधी हसतील आणि मग विचारतील, ‘पैसे जास्त झालेत का?’

प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि ऐन थंडीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो कधी कधी पाचाच्याही खाली उतरतो. उरलेल्या दिवसांपैकी निम्मे पावसाचे, निम्मे धुळीचे. उघड्या गाडीला मानवतील असे महिने इथे दोन, फार तर तीन. पण उघडेपणा हा या गाड्यांचा नुसता डोळ्यांत भरणारा भाग आहे. त्यांची खरी गंमत वजनात आहे, आणि वजनाचा विषय झरीपासून जरासुद्धा लांबचा नाही.

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ बाजारात आणली. पोलादी नळ्यांची चौकट, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, पुढे छोटं इंजिन, जोर मागच्या चाकांना, दोन बैठका. जे नसलं तरी गाडी चालते ते काढून टाकायचं, हा चॅपमनचा खाक्या. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीने घेतले आणि ती आजही थोड्याफार बदलांनी तीच गाडी बनवते. वजन पाचशे-साडेपाचशे किलोच्या घरात. आपली जुनी मारुती ८०० भरायची साधारण साडेसहाशे किलो. म्हणजे जिला आपण ‘डबडं’ म्हणून हिणवलं, तीसुद्धा या स्पोर्ट्स कारपुढे जडच.

तिच्यात बसण्याचा प्रकारही वेगळा आहे. बाजूच्या कठड्यावरून पाय टाकायचा, दुसरा ओढून घ्यायचा आणि शरीर खाली सोडून द्यायचं. बसल्यावर हात बाहेर लोंबकळवला तर बोटं डांबराच्या अगदी जवळ जातात. समोर लांबट नाक आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुढची उघडी चाकं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ती वर-खाली होताना डोळ्यांना दिसतात. स्टिअरिंगला मदतीची मोटर नाही, त्यामुळे चाकाखाली खडी आली की तळहाताला कळतं. साठच्या वेगाला शंभरचा भास होतो, आणि हीच तिची करामत: थरारासाठी वेग वाढवावा लागत नाही. अर्थात झरीच्या वेशीवरचा एखादा गतिरोधक तिच्या पोटाला ओलांडू देणार नाही, हेही खरं. असे गतिरोधक ज्यांनी घातले त्यांना बैलगाडीसुद्धा अडवायची होती की काय, कोण जाणे.

हलकेपणाचं गणित मात्र हौशीपुरतं नाही. गाडी जड झाली की ओढायला मोठं इंजिन लागतं, मोठं इंजिन थांबवायला मोठे ब्रेक, ते पेलायला रुंद टायर आणि या सगळ्याला धरून ठेवायला आणखी जाड चौकट. वजन वजनाला बोलावतं. उलट दोनशे किलो काढले की इंजिन लहान चालतं, पेट्रोल कमी लागतं, टायर जास्त टिकतात. जपानच्या माझ्दाने १९८९ मध्ये ‘एमएक्स-५’ ही टप उघडणारी दोन माणसांची गाडी याच हिशेबावर आणली आणि २०१६ पर्यंत दहा लाख गाड्या बनवल्या. वजन टनाच्या आगेमागे. ती ना श्रीमंतांची होती ना शर्यतवाल्यांची. शिक्षक-कारकुनांनी हप्त्यावर घेतलेली गाडी होती ती. भारतात ती कंपनीने कधी विकलीच नाही.

आपल्याकडे आली ती खुद्द चॅपमनची लोटस, पण कोणत्या रूपात? २०२३ च्या नोव्हेंबरात चिनी मालकीच्या लोटसने भारतात पहिलं पाऊल टाकलं ते ‘एलेट्रे’ ही विजेवरची एसयूव्ही घेऊन. वजन सुमारे अडीच टन, किंमत दोन कोटी पंचावन्न लाखांपासून पुढे. वजनाशी जन्मभर वैर धरणाऱ्या माणसाच्या नावाची ही गत. पण दोष एकट्या लोटसचा नाही. गिऱ्हाईकच गाडी उंचीवर आणि बॉनेटच्या रुंदीवर जोखतं. परभणीतल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्या पाहाव्यात: पावणेदोन-दोन टनांच्या वाहनांतून एकेक माणूस उतरतो.

महाराष्ट्राला हलक्या आणि उघड्या गाड्यांचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. महिंद्रा कंपनीचा वाहनधंदा उभा राहिला तोच १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडलेल्या विलीज जीपवर. ताडोब्यात पर्यटकांना वाघ दाखवत फिरणाऱ्या उघड्या जिप्सी वजनाने टनाच्या आतल्या आहेत, म्हणून तर जंगलाच्या कच्च्या वाटांवर त्या अडत नाहीत. मारुतीने त्या बनवणं थांबवलं तरी वनवाटांवरून त्या हलल्या नाहीत. टाटांनी २००० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘आरिया’ नावाची उघडी दोन माणसांची गाडी मांडली होती. ती रस्त्यावर कधीच उतरली नाही. पुढे आरिया हे नाव टाटांनी एका लांबरुंद सात माणसांच्या गाडीला देऊन टाकलं!

शेजारच्या गोव्याने मात्र हिंमत केली. बंगळुरूची सॅन ही रेल्वेची शंटिंग इंजिनं बनवणारी कंपनी. तिच्या मोटार शाखेने १९९८ च्या सुमारास गोव्याच्या कारखान्यात ‘सॅन स्टॉर्म’ बनवायला घेतली. आराखडा फ्रान्सच्या ल मॉन्स ग्रुपचा, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, ताकद ६० अश्वशक्ती, अंगावर फायबरग्लासचं कवच. रूप काही सगळ्यांना भावलं नाही आणि फिनिशिंगबद्दल तक्रारी होत्या. पण त्या काळात भारतात बनलेली, उघड्या टपाची, दोघांची गाडी घ्यायची तर दुसरी होतीच कुठे? ती कधी फारशी खपली नाही. कल्पना चुकीची होती असं मात्र यावरून म्हणता येत नाही: लहान इंजिन, न गंजणारं अंग, कमी वजन हे सूत्र आजही बरोबर आहे. तिच्यामागे विक्रेत्यांचं जाळं आणि सुट्या भागांची हमी नव्हती, आणि गिऱ्हाईक गाडी घेताना गाडीइतकंच गॅरेज घेत असतं.

आणि मग देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव सांगली जिल्ह्यात आहे. तिथले दत्तात्रय लोहार हे लोहारकाम करणारे कारागीर. मुलाची हौस पुरवायची म्हणून त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवून एक बुटकी, उघडी, जीपसारखी गाडी बनवली. इंजिन दुचाकीचं, आणि चारचाकी असूनही ती किक मारून सुरू व्हायची. खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी आपल्या खात्यावर टाकली आणि ती देशभर गाजली. महिंद्रांनी लगेच एक व्यवहारी गोष्टही लिहिली: ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर मनाई करतीलच. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि किकवाली गाडी महिंद्रांच्या संशोधन केंद्राकडे गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवायलाच हव्या होत्या. पण या गोष्टीचा अर्थ असा, की केटरहॅमच्या चौकटीत शोभेल इतकी आटोपशीर गाडी स्वतःच्या हातांनी घडवणाऱ्या माणसाला या देशाने सुचवलेला एकमेव कायदेशीर मार्ग म्हणजे ती देऊन टाकणं आणि टनाच्या वरची गाडी घेणं.

नियम काय म्हणतात ते पाहण्यासारखं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या चाचण्या हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला डोळ्यांपुढे ठेवून आखल्या आहेत. एकच गाडी बनवणाऱ्याला तो खर्च झेपणं शक्य नाही. जुन्या गाडीत फेरफार करावा, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. मूळ बनावटीला धक्का लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केलं आहे. वरातीसाठी उतरवलेल्या टपाचं काय, हा प्रश्न वधुपित्याने न विचारलेलाच बरा.

दुसऱ्या बाजूला परदेशी कंपनीसाठी दार उघडं आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार युरोप किंवा जपानची मान्यता असलेली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची वाहनं वर्षाला अडीच हजारांपर्यंत, इथली चाचणी न देता आयात करता येतात. त्यात जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला. ठरावीक संख्येपुरतं का होईना, ब्रिटिश मोटारींवरचं शंभर टक्क्यांच्या वरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. म्हणजे उद्या विलायतेत नळ्या जोडून बनवलेली बिनदाराची गाडी मुंबई बंदरात उतरू शकेल आणि देवराष्ट्र्यात नळ्या जोडून बनवलेली गाडी अंगणातच उभी राहील.

खुद्द ब्रिटनमध्ये असं नाही. तिथे घरी जोडलेल्या गाडीसाठी एकेका वाहनाच्या मंजुरीची वेगळी पद्धत आहे. निरीक्षक ती गाडी उभी-आडवी तपासतो: ब्रेक, दिवे, पट्टे, धूर, आवाज, अगदी पत्र्याच्या कडा किती धारदार आहेत इथपर्यंत. पास झाली की नंबर मिळतो. केटरहॅम स्वतः गाड्या सुट्या भागांच्या पेटीतून विकते त्या याच्याच भरवशावर. अमेरिकेनेही २०१५ मध्ये कायदा करून जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ गाड्यांपर्यंत सवलत दिली.

भारतात वेगळा वर्ग काढताच येत नाही, ही सबब मराठवाड्यात तरी कुणी सांगू नये. बजाजने २०१२ मध्ये दाखवलेली, वाळूजच्या कारखान्यात बनणारी ‘क्यूट’ ही छोटी गाडी मोटारीच्या व्याख्येत बसत नव्हती. २१६ सीसीचं इंजिन, कमाल वेग ७०, वजन चार-साडेचारशे किलो. तिच्यासाठी ‘क्वाड्रिसायकल’ हा नवा वर्ग तयार झाला. कोर्टकचेऱ्या झाल्या, खासगी वापराची परवानगी २०१८ मध्ये आली आणि महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये विक्रीला आली. मोठ्या कंपनीलाही सात वर्षं लागली, पण वर्ग निघाला.

सुरक्षेचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पुण्यात विकसित झालेली, सहाशे किलोची टाटा नॅनो २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत शून्य तारे घेऊन बाहेर आली होती. उसाच्या ट्रॉलीखाली शिरलेल्या हलक्या गाडीचं काय होतं ते सांगायला नको. पण मग तोच न्याय मोटारसायकलला लावायचा का? सव्वाशे किलोच्या दुचाकीवर तिघं बसून परभणीला जातात, तिला पासिंग मिळतं. चार चाकं, पट्टा आणि डोक्यामागे पोलादी कमान असलेली गाडी तिच्याहून धोक्याची नक्कीच नाही.

कसब आहे का, हाही प्रश्न उरत नाही. आयआयटी मुंबई, सोमय्या कॉलेज अशा संस्थांमधले विद्यार्थी परदेशातल्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत दोन-अडीचशे किलोच्या उघड्या, एका माणसाच्या गाड्या स्वतः बनवून पळवतात. स्पर्धा संपली की गाडी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाते आणि पोरं नोकरीला लागून दोन टनांच्या एसयूव्हीचे दरवाजे आखतात. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत नांगर, पेरणीयंत्रं, ट्रॉल्या घडवणारे हातही काही कमी तयारीचे नाहीत.

कर आकारणीलाही वजन दिसत नाही. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यांना ४०. लांबी मोजली, इंजिन मोजलं, काटा कुणी लावलाच नाही. टनभराची दोन लिटरची उघडी गाडी आणि दोन टनांची एसयूव्ही एकाच रकान्यात.

तपासणी करणाऱ्या संस्थांसाठी दिल्लीकडे पाहायची गरज नाही. एआरएआय पुण्यात आहे, संरक्षण खात्याची व्हीआरडीई अहिल्यानगरला. या दोन ठिकाणी महिन्यातला एक दिवस हाताने घडवलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवता येईल. इंजिन आधीच मंजूर असलेल्या वाहनाचं असावं, म्हणजे धुराचा प्रश्न सुटतो. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, पट्टे आणि कमान निरीक्षकाने हात लावून तपासावी. वजनाला कमाल मर्यादा असावी, सातशे किलो म्हणा. एका कारागिराला वर्षाला पाच गाड्या पुरेत. शुल्क ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पासिंगपेक्षा फार वर जाऊ नये. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, तशी या गाड्यांनाही असू द्यावी. जिंतूर रस्त्यावर चालल्या तरी पुष्कळ.