काविळीचे कारण शोधताना औषधांची चिठ्ठी हवी

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊस पिवळा पडला की गट ऑफिसवर निरोप येतो, "साहेब, कुठलं खत टाकू?" आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो : आधी काय टाकलंत आणि कधी? कोवळी पाने पिवळी असतील तर बहुधा लोहाची कमतरता, खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची भूक, आणि पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी पीक पिवळेच दिसते. रंग एक, कारणे अनेक. माणसाच्या काविळीचेही तसेच आहे. पण उसाची जेवढी चौकशी आपण करतो, तेवढी घरच्या माणसाची करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, जेवण नकोसे झाले, की आपण म्हणतो "पाण्यातून आली", आणि माळ घालायला किंवा कावीळ उतरवायला निघतो. दूषित पाण्याने कावीळ होते हे खरे आहे. पण काही वेळा घेतलेल्या औषधानेच यकृत दुखावलेले असते. क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन त्यासाठी माहीत आहेत. पॅरासिटामॉल बेताने घेतले तर चांगले, प्रमाणाबाहेर गेले तर घातक. झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, हाही गैरसमजच. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद राहू द्या, पण डॉक्टरांपासून काढा लपवू नये एवढे तरी त्यातून शिकावे.

औषधाने यकृत बिघडले हे एका फटक्यात सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. डॉक्टर वजाबाकी करत जातात. विषाणूंची कावीळ, लेप्टो, दारू, पित्तनलिकेतला खडा, हे एकेक तपासून बाजूला काढतात. एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या आकड्यांवरून यकृताच्या पेशी दुखावल्या की पित्ताची वाट तुंबली, याचा अंदाज येतो. मग तारखा जुळवायच्या : औषध कधी सुरू झाले, डोळे कधी पिवळे झाले, औषध थांबवल्यावर आकडे उतरले का? औषधाने पेशी दुखावून एसजीपीटी तिप्पट वर आणि बिलिरुबिन दुपटीवर गेले, तर अशा दहांतला सुमारे एक रुग्ण दगावू शकतो. तेव्हा हा वेळ घालवण्याचा आजार नव्हे.

आणि तारखाच नसतील तर डॉक्टर काय जुळवणार? आपल्या घरात औषध तीन दारांनी येते : दवाखाना, दुकान आणि शेजारी. तापाची एक गोळी, अंगदुखीची दुसरी, सर्दीची तिसरी; नावे वेगळी, पण तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. ऊसतोड कामगारांचे तर विचारूच नका. दिवसभर मोळ्या वाहून पाठ धरते, रात्री दुकानातली सुटी गोळी घ्यायची, आणि पुढच्या फडावर जाताना चिठ्ठी, वेष्टन काहीच बरोबर नसते.

क्षयाचे औषध चालू असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुढची गोळी घ्यायची की नाही, हे तिथेच ठरू द्या. डॉक्टर गरज पडल्यास औषधे थांबवून, यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. आपल्याच मनाने कोर्स सोडला तर क्षय पुन्हा उसळतो, आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही.

माझी सूचना साधी आहे. हंगामापूर्वी गट ऑफिसमार्फत प्रत्येक सभासदाला आणि प्रत्येक तोडणी टोळीला एक जाड कागदाचे कार्ड द्यावे. त्यावर औषधाचे नाव, किती घेतले, सुरू केल्याची व बंद केल्याची तारीख एवढेच रकाने असावेत. काढा आणि जडीबुटीही त्यातच लिहावी. खर्च नगण्य आहे. लागणीची तारीख आपण वहीत लिहून ठेवतो, मग गोळीची का नको?

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी